व्रण आणि त्याची मुदत

इ.स. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याची एक हकीकत छापली. कावसजी नावाचा, इंग्रजी फौजेबरोबरचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक घडविले. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. कपाळावरचा व्रण बराच काळ लोटल्यावर फारसा दिसत नाही, अशी नोंद त्या वृत्तांतात आहे.

हा ‘बराच काळ’ आपल्या घरांत विसरला जातो. लग्नाची तिथी निघाली की मुलीच्या गालावरचा तीळ काढणे, आईची जड कर्णभूषणांनी फाटलेली पाळी शिवून घेणे, हे सारे दोन महिने आधी उरकायचे ठरते. नेमका हाच काळ सर्वांत वाईट! टाके पडल्यावर शरीर कोलॅजनच्या तंतूंची घाईघाईने वीण घालते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात व्रण लाल, कठीण आणि किंचित उंच दिसतो. मग ती वीण उलगडून नीट मांडली जाते. व्रण मऊ व फिका होण्यास वर्ष, क्वचित दीड वर्ष लागते. मुदती हुंडी आधी वटत नाही, तसेच हे.

या काळात उपयोगी पडणारे उपाय मोजकेच आहेत. जखम पूर्ण मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी रोज निदान बारा तास, दोन-तीन महिने लावावी. चेहऱ्यावर पट्टी नको असेल तर सिलिकॉन जेल चालते. आपल्या वर्णाची त्वचा उन्हाने लवकर काळवंडते, म्हणून सनस्क्रीन किंवा पदर हवाच. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून चोळण्याचा लाभ सिद्ध झालेला नाही. उलट अनेकांना पुरळ मात्र उठते. तंबाखू, गुटखा, मिश्री यांनी रक्तवाहिन्या आकसतात; ही व्यसने शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधीच सोडावीत. जखम भरताना शरीराला प्रथिने लागतात. तेव्हा अठाईसारखी तपश्चर्या जवळ आली असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवितानाच डॉक्टरांना तसे सांगावे. एरवी डाळी, दूध, पनीर आणि आवळा पुरेसे आहेत.

केलॉइडचा प्रकार मात्र निराळा. साधा उंचावलेला व्रण जखमेच्या हद्दीत राहतो आणि पुष्कळदा कालांतराने बसतो. केलॉइड हद्द ओलांडून वाढत जातो. कानाची पाळी, छाती आणि खांदे ही त्याची आवडती ठिकाणे. नुसता कापून काढला, तर तो बहुधा पुन्हा उगवतो. म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शने द्यावी लागतात. घरात कोणाला कान टोचल्यावर गाठ आली होती काय, हे आजीला विचारून घ्यावे आणि पहिल्याच भेटीत सर्जनना सांगावे.

शिवलेली पाळी पुन्हा टोचायची असल्यास सर्जनांच्या संमतीने साधारण तीन महिन्यांनी, आणि तीही जुन्या व्रणावर नव्हे, बाजूला. जड झुमके त्या लग्नात आईऐवजी मावशीने घालावेत.