पट्टे, ठिपके आणि सौंदडची वाट

सौंदड हे गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यातलं गाव. नागपूर-रायपूर महामार्ग आणि गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग, दोन्ही इथूनच जातात. उत्तरेकडे नागझिरा, दक्षिणेकडे नवेगाव. डिसेंबर 2013 मध्ये कोका अभयारण्यासह या जंगलांचा मिळून एक व्याघ्र प्रकल्प झाला. वाघाला मात्र या दोन जंगलांमध्ये ये-जा करायची तर धानाच्या बांध्या, वस्त्या, रूळ आणि डांबरी रस्ता ओलांडावाच लागतो.

इंग्रजी अमदानीत हा भाग मध्य प्रांतात होता; तिथल्या जंगलांचे शिकारीसाठी गट पाडलेले असत. परवाना काढला की ठराविक मुदतीसाठी गट मिळे. गावकरी हाका करत, शिकारी मचाणावर बसे आणि मेलेल्या वाघाशेजारी बंदूक टेकवून फोटो निघे. वाघाची लांबी फूट-इंचांत नोंदली जाई. तो वाघ कुठून आला, त्याचं रान कोणतं, हे फारसं कुणी लिहिलं नाही. वाघाच्या फोटोंचा हा इतिहास मला वाघांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण तो फक्त बंदुकीचा नाही: त्याच काळात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा वनाधिकारी उत्तरेतल्या जंगलांत वाघाच्या वाटेवर कॅमेऱ्याला जोडलेली तार ताणून रात्री जिवंत वाघांचे फोटो घेत होता. त्याचं पुस्तक 1927 साली आलं. भारतात वाघाच्या शिकारीवर बंदी यायला 1970 उजाडलं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा झाला 1972 मध्ये.

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. आजची व्याघ्रगणना उभी आहे ती यावरच: वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावायचे आणि दोन्ही कुशींचे फोटो जुळवायचे. नागझिऱ्यात जन्मलेला ‘जय’ हा वाघ 2013 मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पोचला, तेव्हा हे रान किती दूरवर जोडलेलं आहे ते सगळ्यांना कळलं. 2016 नंतर तो दिसला नाही.

फोटोंवरून ओळख पटवण्याचं हेच काम अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण जॉर्जिया बेटावर देवमाशांच्या बाबतीत चाललं आहे. तिथे 1904 मध्ये ग्रुत्विकेन इथे देवमासे कापून तेल काढण्याचा तळ सुरू झाला आणि 1960 च्या दशकापर्यंत बेटावरच्या तळांवर सुमारे 1,75,000 देवमासे कापले गेले. निळा देवमासा तिथून जवळजवळ संपला. 2020 च्या पाहणीत मात्र 50 हून अधिक निळे देवमासे दिसले. त्यांच्या अंगावरच्या ठिपक्यांचे फोटो जुळवून संशोधकांनी एकेक देवमासा ओळखला. पूर्वी मारलेल्यांची मोजदाद होई, आता जिवंतांची ओळख पटवली जाते. आपल्याकडेही असंच घडलं आहे, पण आपल्या वाघाला समुद्रासारखं मोकळं रान नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये सौंदडजवळच्या कोहमाऱ्यातून गोंदियाला जाणाऱ्या रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका तरुण वाघाला मोटारीने धडक दिली. जखमी वाघ रस्त्यावरून सरपटत झाडीत जातानाचं चित्रीकरण लाखोंनी पाहिलं. उपचारासाठी नेताना तो मेला. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या होत्या. बाहेरून वाघ आणायचे आणि इथे वाढलेले रस्त्यावर गमवायचे, हे चालणार नाही.

उपाय ठाऊक आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या नागपूर-जबलपूर महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट ठेवली. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघासह 18 जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. अशा वाटा कुठे हव्यात हे ठरवायला पुरावा लागतो, आणि तो सौंदड-कोहमारा पट्ट्यात राहणाऱ्यांच्या, रोज ये-जा करणाऱ्यांच्या मोबाइलमध्येही असतो.

म्हणून विनंती आहे. या पट्ट्यात रस्ता ओलांडणारं जनावर दिसलं तर गाडी हळू करा, पाठलाग करू नका. फोटो मिळाला तर तारीख, वेळ आणि किलोमीटरचा दगड टिपून वन विभागाला कळवा. जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका. आणि घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांच्या काळातला शिकारीचा फोटो असेल तर तो फेकू नका. त्याच्या मागे गाव आणि साल लिहून ठेवा.