उंदरामागून आलेला शेजारी

सुरतेत श्रावणात नागपंचमी दोनदा येते. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली मराठी घरं श्रावण शुद्ध पंचमीला नाग पुजतात. शेजारच्या गुजराती घरांत तीच पूजा पंधरा दिवसांनी, वद्य पंचमीला, जन्माष्टमीच्या तीन दिवस आधी होते. पाटावरच्या नागाला दोन्हीकडे हात जोडले जातात. आणि त्याच दिवसांत सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत खराखुरा साप निघाला, की दोन्ही घरांत काठीची शोधाशोध सुरू होते.

हा साप आला कुठून? बहुतेक वेळा तो कुठूनही आलेला नसतो. तापीच्या गाळाने तयार झालेली ही सपाट जमीन उसाची आणि भाताची, तिच्यातून समुद्राकडे जाणाऱ्या खाड्यांची. 2006 मध्ये महापालिकेची हद्द सुमारे 112 चौरस किलोमीटरवरून 326 वर गेली, 2020 मध्ये ती 460 च्या पुढे सरकली. कालच्या शिवारात रो-हाउस उभी राहिली. साप मात्र आपला टापू सहजी सोडत नाही. बिळं, पाणी, उन्हाला बसायची जागा, सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. पावसाने बिळात पाणी शिरलं की तो कोरडी जागा शोधतो. त्याच सुमारास नागाच्या अंड्यांतून पिल्लंही बाहेर पडलेली असतात. म्हणून साप दिसतात ते पावसाळ्यात. राहतात ते वर्षभर.

शिवाय शहर त्याला जेवण पुरवतं. उंदीर काय करू शकतो, हे सुरतेला वेगळं सांगायला नको. सप्टेंबर 1994 मध्ये, पुराचं पाणी ओसरल्यावर, न उचललेल्या कचऱ्याच्या शहरात प्लेगची साथ पसरली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाले. पुढच्याच वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी शहराची सफाई अशी हाती घेतली की तिची चर्चा देशभर झाली. पण उंदीर संपले नाहीत. त्यांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस दक्षिण गुजरातच्या शेतांत आजही पावसाळ्यात डोकं वर काढतो.

उंदराच्या बिळात शिरून पिल्लांसकट उंदीर खाणारा जीव म्हणजे साप. मांजराला तिथे जाता येत नाही. यातली सर्वांत कामसू धामण. दोन मीटरहून लांब, चपळ आणि बिनविषारी. आकार पाहून लोक तिला नाग समजतात आणि मारतात. एक धामण मेली की तिच्या टापूतले उंदीर मोकळे होतात, आणि त्यांच्या मागावर उद्या कोणता साप येईल, हे आपल्या हातात राहत नाही.

सापाला जग कसं कळतं, हे समजलं की भीतीची जागा नवल घेतं. जीभ लवलवते तेव्हा तो धमकावत नसतो, हवा हुंगत असतो. जिभेची दोन टोकं दोन वेगळ्या जागचे गंधकण उचलतात आणि टाळूतल्या जेकबसन इंद्रियाकडे पोचवतात. कोणत्या टोकावर वास जास्त, यावरून उंदीर डावीकडे गेला की उजवीकडे, हे त्याला अंधारातही कळतं. त्याला बाहेरचा कान नाही, पण जमिनीची कंपनं जबड्याच्या हाडांमधून आतल्या कानापर्यंत जातात. आपलं पाऊल त्याला आपण दिसण्याआधी कळतं आणि बहुतेक वेळा तो निघून जातो.

विष म्हणजे मुळात बदललेली लाळ, भक्ष्य निपचित करण्यासाठी घडलेली. या भागात जपून राहायचं ते मुख्यतः चौघांपासून: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नागाचं विष मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा निरोप स्नायूच्या दारातच अडवतं, कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी तसं. मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं, म्हणून उशीर झाला तर टोकं पुन्हा उगवेपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं. घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटक इतक्या झपाट्याने खर्ची घालतं की पुढे रक्त गोठायचंच थांबतं. डॉक्टर स्वच्छ काचनळीत रक्त घेऊन वीस मिनिटं पाहतात: गोठलं नाही तर निदान जवळजवळ पक्कं.

आणि याच विषांनी औषधशास्त्राला वाटा दाखवल्या. घोणशीचं विष आज प्रयोगशाळेत रक्त गोठण्याचा एक विशिष्ट दोष शोधायला वापरतात. फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाच्या अभ्यासातून टायरोफिबान हे हृदयविकाराच्या झटक्यात दिलं जाणारं औषध घडलं.

नवलापायी धोका मात्र विसरायचा नाही. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसं गेली, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा 2024 मध्ये जाहीर झाला. जागोजागच्या सापांच्या विषात फरक असतो. म्हणून वलसाड जिल्ह्यात धरमपूरला गुजरातच्याच सापांचं विष जमवणारी सर्पसंशोधन संस्था उभी राहिली, हे आपल्या भागासाठी मोलाचं आहे.

घरातली काळजी साधी आहे. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखत नाही आणि ती बहुधा जमिनीवर झोपलेल्याला चावते. म्हणून खाटेवर झोपावं. ते जमत नसेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये, बूट झटकून घालावेत, भिंतीलगत विटांचा आणि लाकडांचा ढीग ठेवू नये, उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नये. उंदीर कमी झाले की साप आपोआप कमी दिसतात.

दंश झालाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका, भगताकडे जाऊ नका. अंगठ्या-बांगड्या काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका, 108 ला फोन करा आणि थेट नवी सिव्हिल किंवा स्मीमेरसारखं मोठं रुग्णालय गाठा. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही, चारही सापांवर प्रतिविष एकच आहे.

नुसता साप दिसला तर मुलांना मागे घ्या, लांबून नजर ठेवा आणि वन खात्याला किंवा नेचर क्लब सुरतसारख्या संस्थेच्या सर्पमित्राला बोलवा. सापाला मारणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी उंदरांच्या या शहरात त्याला मारणं आपल्याला परवडलं नसतं. सर्पमित्राचा नंबर आजच फोनमध्ये साठवा आणि शेजाऱ्यालाही द्या.