गुंतवळ फेकण्याआधी जरा बघा

फणीत अडकलेले केस बोटाला गुंडाळायचे, त्यांची गोळी भिंतीच्या फटीत कोंबायची, नाहीतर पिशवीत साठवून केसांवर भांडी देणाऱ्याला विकायची, ही आपल्या खेड्यापाड्यांतली जुनी रीत. चाकूर भागातही ती नवी नाही. काही मायबहिणी मात्र हे गुंतवळ वेगळ्याच भीतीने लपवतात. कुणाच्या हाती लागले तर करणी करील म्हणून! केसाने करणी होत नाही. डोक्याबाहेर आलेला केस हा निर्जीव तंतू आहे. पण आपल्या प्रकृतीची थोडी खबर त्यात नक्की असते.

गळलेला एक केस उजेडात नीट बघा. त्याच्या एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ दिसते का? ही गाठ पाहून पुष्कळ जणी घाबरतात. केस मुळासकट उपटला, आता तिथे परत येणार नाही, असे त्यांना वाटते. तसे नाही. केस जिथून उगवतो ती जागा कातडीच्या आतच राहते. केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विसावतो आणि गळतो. पांढरी गाठ म्हणजे तो विसावा संपल्याची खूण. डोक्यावर सुमारे १ लाख केस असतात, त्यांतले रोज ५० ते १०० गळणे हा निसर्गाचा हिशेब आहे. दोन दिवसांनी न्हाणाऱ्या बाईला एकदम मूठभर दिसतात, कारण आदल्या दिवसाचेही त्यातच आलेले असतात.

गाठीचे केस नेहमीपेक्षा फारच जास्त येऊ लागले, तर दोन-तीन महिने मागे जा. टायफॉईड झाला होता का? डेंग्यू? बाळंतपण? मोठे ऑपरेशन किंवा घरात मोठे दुःख? अंगावर आलेला ताण केसांत इतक्या उशिरा दिसतो, म्हणून बाई बिचारी तेलाला नाहीतर साबणाला दोष देत बसते. २०२० व २०२१ साली कोरोनातून उठलेल्या अनेकांना हाच अनुभव आला. असे केस बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप सावरतात. मात्र बाई फिकट दिसत असेल, पायऱ्या चढताना धाप लागत असेल, पाळीत रक्त फार जात असेल, तर हिमोग्लोबिन तपासावे. रक्त कमी असताना महागडे तेल चोळण्यात काय अर्थ? थायरॉईडच्या बिघाडानेही केस जातात.

गाठच नसेल, तुकडे लहानमोठे असतील, तर केस गळलेला नसून तुटलेला आहे. ओले केस ओढून विंचरणे, कपड्याच्या साबणाने डोके धुणे, स्वस्तातले रंग ही त्याची कारणे. शाळेच्या मुलींच्या वेण्या इतक्या करकचून घालतात की कपाळाजवळचे केस मागे सरकतात. ही ओढ वर्षानुवर्षे राहिली तर तिथे केस पुन्हा येत नाहीत.

चाईची गोष्ट निराळी. चट्ट्याच्या कडेचे तुटके केस टोकाला जाड आणि मुळाशी बारीक असतात. किडा केस खातो हा समज खोटा आहे. शरीराची संरक्षक यंत्रणाच केसाच्या मुळावर उलटते, आणि चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. लहान मुलाच्या डोक्यावर खपली, खाज आणि खुंटासारखे तुटके केस असतील तर तो बहुधा नायटा. तो मात्र फणी-टोपीतून पसरतो, आणि त्याला नुसता मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या लागतात.

आणि गावभर एकदम केस जाऊ लागले तर? डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात तेच झाले. आधी डोके खाजायचे आणि मग थोड्याच दिवसांत टक्कल. वर्तमानपत्रांनी ‘टक्कल व्हायरस’ म्हटले. लोक एकमेकांजवळ बसायला भिऊ लागले. आधी संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. विंचूदंशावरील उपचारासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनचा गहू आणि बाधितांचे रक्त, लघवी व केस तपासून घेतले. त्यांत सेलेनियम फार जास्त आणि जस्त कमी निघाले. सेलेनियम शरीराला लागते, पण चिमूटभराहूनही कमी. ते जास्त झाले की केस आणि नखे आधी जातात. पुढे एप्रिल २०२५ मध्ये तिथे काहींची नखेही गळाली. म्हणजे ज्या रोगाला लोक शेजाऱ्याचा संसर्ग समजत होते, त्याची वाट डॉ. बावस्करांच्या मते पोळीतून जात होती. तो गहू थांबवल्यावर काहींचे केस पुन्हा उगवू लागल्याचेही सांगण्यात आले.

घरची परीक्षा सोपी आहे. डोके न धुतलेल्या दिवशी ५०-६० केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकाकडे हलकेच ओढा. पाच-सहा किंवा जास्त केस हातात आले, किंवा टाळूला खपली, पू, दुखणे, गुळगुळीत चट्टा असला, तर सरकारी दवाखाना गाठा. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही त्वचारोगाचे डॉक्टर बसतात. जाताना एका दिवसाचे गुंतवळ कागदाच्या पुडीत घाला, पुडीवर तारीख टाका आणि मागच्या तीन महिन्यांतला ताप, औषधे, पाळी-बाळंतपण एका चिठ्ठीवर लिहून न्या. डोक्याला तेल लावून जाऊ नका, टाळू नीट दिसत नाही.