तंटा नसतानाची बैठक

यंदाच्या व्याख्यानमालेत आम्ही बोलणार हे कळल्यावर दहिवडीच्या बाजारात एका गृहस्थांनी आम्हांला हटकले. "ज्यू आणि पॅलेस्टिनी अरब यांच्या तंट्यात तुम्ही काय सांगणार? तुमची शाळा तर सातवीलाच सुटली!" म्हणणे खरे आहे. तिकडचे आमचे ज्ञान वाचनापुरतेच. परंतु दोन जमातींत रक्त सांडल्यानंतरही बोलणे कसे चालू राहते, हे आम्ही एका गावी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. ते गाव म्हणजे भिवंडी.

माणचा माणूस दुष्काळाने मुंबईकडे लोटला जातो, हे येथे कोणास सांगावयास नको. आम्हीही गेलो. 1982 च्या संपानंतर गिरणीत जागा मिळेना, म्हणून भिवंडीस यंत्रमागावर लागलो. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसविणारा खडखडाट. एकाच खोलीत दिवसपाळीचा उठे आणि रातपाळीचा त्याच जागी आडवा होई. गावात मोमीन विणकर जुने. तेलुगू पद्मशाली, उत्तरेकडचे भय्ये आणि आमच्यासारखे घाटावरचे मागाहून आलेले. या गावाने मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून पेटलेली दंगल पाहिली होती. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. मे 1984 मध्ये पुन्हा तेच झाले. भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून दोनशेहून अधिक माणसे गेली. आम्ही पोहोचलो तेव्हाही काही भिंती काळ्याच होत्या.

शांतता समिती पूर्वीही असे. तिच्यात कोण? वकील, कारखानदार, पुढारी. सण जवळ आला की चहा व्हायचा, भाषणे व्हायची, आणि मंडळी घरी जायची. 1988 साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांतून नव्या समित्या बसविल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि तेही मागवाले, हमाल, फेरीवाले, पानवाले अशी साधी माणसे. सोबत त्याच भागातला पोलीस. मुख्य गोष्ट अशी की बैठक दंगलीसाठी नव्हतीच. तुंबलेले गटार, नळावरची भांडी, पोरांची मारामारी, भाडेकरूची कटकट असले विषय निघत. आमच्या खोलीतले सोबती हसत. पोलिसाने गटाराची पंचायत करावी, हे आम्हांलाही तेव्हा गमतीचेच वाटे.

त्यातले मर्म आमच्या ध्यानात डिसेंबर 1992 मध्ये आले. 6 तारखेला अयोध्येस बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी मिळून सुमारे नऊशे माणसे मेली. तेथून हाकेच्या अंतरावर असलेली भिवंडी, जिचे नाव दंगलीशीच जोडलेले, ती मात्र शांत राहिली. अफवा आल्या नाहीत असे नव्हे. तासातासाला येत होत्या. पण अफवेचे बळ अनोळखीपणात असते. पलीकडच्या गल्लीत तलवारी जमल्या असे कोणी म्हणाला, की "थांब, विचारून येतो" म्हणणारा एक तरी माणूस निघे. ज्याला विचारायचे त्याचे नाव आणि घर ठाऊक असे, कारण मागच्याच महिन्यात गटारावरून त्याच्याशी हुज्जत घातलेली असे. पुढे 1994 साली मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, सतीश साहनी यांनी मोहल्ला समित्यांचे काम उभे केले.

हा ताईत नव्हे, एकदा बांधला आणि विसरला असे करून चालत नाही. जुलै 2006 मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. गोळीबारात दोघे मेले आणि नंतर जमावाने दोन पोलीस ठार केले.

आता तिकडे पाहू. 1994 साली यित्झाक फ्रँकेन्थाल या ज्यू बापाचा सैनिक मुलगा हमासने पळवून मारला. त्याने 1995 साली, ज्यांची मुले गेली अशा घरांची मंडळी उभी केली. तिच्यात पॅलेस्टिनी आईबापही आहेत. 7 ऑक्टोबर 2023 रोजी इस्राएलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेली, त्यानंतर गाझात कित्येक हजारांचे बळी गेले. तरी ही मंडळी मोडली नाही. ज्यू आणि अरब कामगारांची एक सामाईक संघटनाही तेथे आहे. तिचे नाव 'मआन'. अरबीत त्याचा अर्थ 'एकत्र'. आमच्या तालुक्याचेच नाव वाचतो आहोत असे क्षणभर वाटले!

यावर आक्षेप येतो तो गंभीर आहे. ज्याची जमीन गेली, ज्याचे घर पाडले, त्याला "बसा, बोला" म्हणणे ही थट्टा नव्हे काय? गुन्हेगार मोकळा फिरत असता बैठक कसली? आमचे उत्तर संघटनेच्या धंद्यातले आहे. मालकाशी बोलणी करताना संपाची नोटीस आमच्या खिशात असते. बोलणी म्हणजे मागणी सोडणे नव्हे. कोर्टातला खटला कोर्टात चालू द्यावा, नव्हे, नेटाने चालवावा. पण शेजाऱ्याच्या दाराची वाट खटला संपेपर्यंत बंद ठेवली, तर खटला संपेतो ती वाटच उरत नाही.

शेजारच्या खटाव तालुक्यात, पुसेसावळीस, 10 सप्टेंबर 2023 रोजी समाजमाध्यमावरील मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एक तरुण प्राणास मुकला. बांधकाम कामगारांची आमची मासिक बैठक दहिवडीस भरते. ऑक्टोबरात मुसलमान गवंड्यांपैकी एकही आला नाही. आपल्यातलेच काही जण म्हणाले, "न येईनात का." आम्ही दोघे-तिघे त्यांच्या घरी गेलो. झाल्या प्रकाराविषयी त्यांनी विषय काढला नाही, आम्हीही काढला नाही. ते बरोबर केले की चूक, याचा निवाडा आमच्याने अजून होत नाही. कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो कोणाकोणाचा राहिला आहे, एवढेच विचारून आलो.

नोव्हेंबरात चौघे आले, दाराजवळच बसले. दाखल्यावर सही ठेकेदाराने करावी की ग्रामसेवकाने, यावर वाद निघाला. त्यांच्यातला एक म्हातारा गवंडी तावातावाने उठून पुढे आला आणि हिंदू मुकादमाशी दीड तास भांडला.