गावचे घर भाड्याने देताना, आणि परत मागताना

मुंबई, पुणे, कुवेत, दुबई, लंडन. कोकणातल्या मोहल्ल्यांतून रोजगारासाठी माणसे बाहेर पडली आणि मागे घरे राहिली. बंद घराला वाळवी लागते, पावसाळ्यात कौले सरकतात, अंगणात रान माजते. म्हणून घर कोणाला तरी राहायला दिले जाते. कधी शाळेतल्या शिक्षकाला, कधी दुकानदाराला, कधी दूरच्या नातेवाइकाला. देताना बोलणे होते ते इतकेच, "राहा, घर नीट ठेवा, महिन्याला जमेल ते द्या." कागद नाही, पावती नाही. पुढे मुलाचे लग्न ठरते किंवा निवृत्त होऊन गावी परतायचे ठरते, तेव्हा समोरून उत्तर येते, "आम्ही इतकी वर्षे इथे आहोत, आता कुठे जाणार?"

मराठवाडा, खानदेश, विदर्भातही हीच तक्रार ऐकू येते. भांडण सुरू झाल्यावर वकिलाकडे धावण्यापेक्षा घर देण्याआधीच चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

आपल्या गावाला कोणता कायदा लागू?

महाराष्ट्रात भाड्याच्या घरांसाठी 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. पण तो सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नाही. कायद्याच्या अनुसूचीत जी क्षेत्रे नमूद आहेत, किंवा शासनाने अधिसूचना काढून ज्यांची भर घातली आहे, तेथेच तो चालतो. शहरे आणि नगरपालिकांची गावे बहुधा त्यात येतात, अनेक खेडी येत नाहीत.

जेथे हा कायदा नाही, तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. दोन्हींत फरक मोठा आहे. भाडे नियंत्रण कायद्यात मालकाला ठरावीक कारण सिद्ध करावे लागते. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात महिन्याची भाडेवट कायदेशीर नोटीस देऊन संपवता येते. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा, "आमचे गाव अनुसूचीत आहे का?" शेजारच्या तालुक्यातल्या माणसाचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असे नाही.

करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा

गावोगावी ११ महिन्यांचा करार स्टँप पेपरवर करून नोटरीचा शिक्का मारून घेतात आणि काम झाले असे समजतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या भागात कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे. मुदत ११ महिन्यांची असो वा ३३ महिन्यांची. ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठे नुकसान असे, की वाद झाल्यास अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते आणि ते खोडून काढणे मालकाच्या अंगावर येते.

उलट, नोंदवलेला लायसन्सचा करार असेल आणि मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर या भागात कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते.

खर्चही फार नाही. लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे, ग्रामीण भागात नोंदणी फीही माफक आहे, आणि नोंदणी ऑनलाइन होते. जाण्याआधी चालू दर दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा.

"आपलाच माणूस आहे, त्याच्याकडून कागद काय लिहून घ्यायचा?" असे आपल्याकडे फार म्हणतात. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे, हे आपण सगळेच जाणतो. कागद अविश्वासापोटी करायचा नसतो. दोन्ही घरांचे संबंध टिकावेत म्हणून तो करायचा असतो.

बारा वर्षांची भीती

बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो, ही समजूत खरी नाही. जो मालकाच्या परवानगीने राहतो त्याचा ताबा नुसत्या मुदतीने विरोधी ताबा होत नाही. भाडेकरू म्हणून आत आलेल्याला भाडेवट चालू असताना मालकाची मालकी नाकारता येत नाही. मात्र भाडेवट कायदेशीरपणे संपवल्यानंतर ताब्याचा दावा बारा वर्षांच्या आत लावावा लागतो.

खरा धोका वेगळा आहे. कागदच नसेल तर "मी भाडेकरू नव्हतोच" असे म्हणायला वाट मोकळी राहते. मुस्लिम कायद्यात तोंडी हिबा ग्राह्य आहे. देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने कबूल करावे आणि ताबा द्यावा, एवढ्याने तो पुरा होतो. त्यामुळे बिनकागदाने राहणारा नातेवाईक "मरहूम चाचांनी हे घर मला हिबा केले होते" असा दावा करू शकतो. तो सिद्ध करणे त्याचे काम असले तरी कोर्टात वर्षे आपलीही जातात. म्हणून नातेवाइकाला फुकट राहू दिले तरी 'परवानगीने राहतो' असा लेख करून घ्यावा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये कोणाचे नाव आहे, राहणाऱ्याचे नाव भोगवटादार म्हणून चढले आहे का, हे दरवर्षी घरपट्टी भरताना पाहावे. तो उतारा मालकीचा पुरावा नव्हे, पण वादात तोच आधी पुढे केला जातो.

घर रिकामे करून घेण्याची रीत

भाडे नियंत्रण कायदा लागू नसलेल्या गावात, महिन्याने दिलेल्या घरासाठी आणि करारात वेगळे काही ठरले नसेल तर, १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. ती सहीची असावी आणि पोस्टाने किंवा हातोहात पोचवावी. भाडेकरू घरी नसेल तर त्याच्या घरातल्या माणसाकडे देता येते. पोच जपून ठेवा. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. नोटिशीनंतर भाडे घेत राहिलात तर नोटीस सोडून दिली असा अर्थ लावला जाऊ शकतो, म्हणून पैसे घेण्यापूर्वी वकिलाला विचारा.

कायदा लागू असलेल्या भागात थकबाकीसाठी आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सारी थकबाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासह भरली तर या कारणाने त्याला काढता येत नाही. इतर कारणे कलम १६ मध्ये आहेत. मालकाला स्वतःसाठी खरी गरज असणे, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव, योग्य कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणे ही त्यांतली मुख्य. स्वतःच्या गरजेच्या दाव्यात न्यायालय दोन्ही बाजूंची अडचण तोलून पाहते.

हे मात्र करू नका

कुलूप बदलणे, सामान अंगणात काढून ठेवणे, वीज किंवा पाणी तोडणे, चार माणसे घेऊन दारात उभे राहणे, हे प्रकार टाळा. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ प्रमाणे जबरदस्तीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच बघितला जात नाही. भाडे नियंत्रण कायद्यात वीज-पाणी तोडायला स्पष्ट मनाई आहे. आपले घर, तरीही हात आपलेच बांधले जातात. भाडे घेतले की पावती द्या. ती भाडेकरूचा हक्क आहे, आणि तो भाडेकरू होता याचा आपला पुरावाही.

घर वारसांचे असेल तर

अब्बांच्या इंतकालानंतर घर गावात राहणाऱ्या एका भावाचे होत नाही. शरीयतप्रमाणे सर्व वारसांचे हिस्से त्याच क्षणी ठरतात. मुले असतील तर विधवेचा आठवा हिस्सा असतो, मुलीचा मुलाच्या निम्मा. भाड्यातही त्यांचा हाच हिस्सा आहे. बहिणींना न विचारता करार करणे आणि भाडे एकट्याने ठेवणे हा त्यांच्या हक्कावर हात टाकणे आहे, आणि पुढे भाडेकरू हीच फूट आपल्या फायद्याला वापरतो. सर्व वारसांच्या सहीने करार करा. परदेशातल्या भावाचे मुखत्यारपत्र तेथील भारतीय दूतावासाकडून साक्षांकित करून आणा आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्या.

घराबरोबर शेतही कसायला द्यायचे असेल तर थांबा. शेतजमिनीला कूळकायदा आहे, आणि त्याचे नियम पूर्ण वेगळे आहेत. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळांना जमिनीचे मालक केले, हा इतिहास कोकणातली घराणी विसरलेली नाहीत. घराच्या करारात शेताचा उल्लेख घालू नका, त्यासाठी स्वतंत्र सल्ला घ्या. वक्फच्या मिळकतीलाही वेगळा कायदा आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी तेथे मोफत वकील मिळतो. एकट्या विधवा मालकिणीने हे जरूर ध्यानात ठेवावे. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचे बळ असते.

आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे शहरात स्वतः भाड्याने राहतात. तेथे मालकाने आपल्याशी जसे वागावे असे वाटते, गावच्या घरातल्या माणसाशी आपणही तसेच वागावे. मुदत संपण्याच्या तीन महिने आधी त्याला सांगा, दुसरे घर शोधायला वेळ द्या, अनामत वेळेवर परत करा. नीट कागद आणि नीट वागणूक असली की बहुतेक घरे कोर्टाची पायरी न चढता रिकामी होतात.