गोदीतील मुलकी कारागीर
मुंबईच्या नौदल गोदीत युद्धनौकांच्या दुरुस्तीचा मोठा भार मुलकी कारागिरांवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या वेतनावर असलेल्या परंतु सैनिकी हुद्दा नसलेल्या फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्यावर असतो. कसबी माणूस शोधून आणण्याची येथील रीत जुनी असून, 1736 च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने लवजी नसरवानजी वाडिया या जहाजबांधणी कारागिरास सुरतेहून आणले ते याच कामासाठी. आज आयटीआय उत्तीर्ण उमेदवार 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली गोदीच्या प्रशिक्षणशाळेत दाखल होतो, विद्यावेतनावर काम शिकतो आणि पुढे ‘ट्रेड्समन’ पदाची जाहिरात निघाल्यास लेखी परीक्षेला बसतो. शिकाऊ उमेदवारी ही नोकरीची हमी नव्हे, हे मात्र अनेक घरांत उशिराच उमगते. जहाजाच्या तळाचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडल्यावर सांध्याची रेघ क्ष-किरणांनीही तपासली जाते, म्हणून अशा कामात प्रमाणपत्रापेक्षा हाताचे वळण अधिक मोलाचे ठरते. कायदेशीर स्थिती काहीशी विचित्र आहे: हे कर्मचारी मुलकी म्हणवले जातात, तरी त्यांची पदे संरक्षणाशी निगडित असल्यामुळे, बडतर्फीपूर्वी चौकशीची हमी देणारे संविधानाच्या अनुच्छेद 311 चे संरक्षण त्यांना मिळत नाही आणि त्यांची भिस्त सेवानियमांवरच राहते.