पोकलेनचं तेल आणि पळसदरीचा पाऊस

खोपोलीचं टाटांचं वीजघर 1915 पासून चालू आहे. घाटमाथ्यावरचं पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांतून खाली येतं आणि पायथ्याशी त्याचा दाब पन्नास बारच्या घरात जातो. त्याच परिसरात आज कातळ फोडणाऱ्या वीस टनी पोकलेनच्या होजमधून तेल साडेतीनशे बारच्या आसपास दाबाने धावतं. अख्ख्या घाटाच्या पाण्याच्या सातपट दाब, तोही मनगटाएवढ्या जाडीच्या आत. ऑपरेटर, मालक, बघे सगळ्यांचं लक्ष या ताकदीकडे असतं. मशीन किती वर्षं टिकणार हे मात्र परतीच्या वाटेवर ठरतं, टाकीत आणि फिल्टरमध्ये.

कर्जत-खालापूर पट्ट्यात या मशीनना कामाची ददात नाही. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गासाठी वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरहून लांब बोगदा निघाला; द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’चा बोगदा तर नऊ किलोमीटरच्या जवळपास आहे. शिवाय फार्महाउससाठी टेकड्या सपाट करणं बारमाही चालूच. इथला काळा बेसाल्ट बकेटला दाद देत नाही, म्हणून ब्रेकर लावावा लागतो. ब्रेकर म्हणजे तेलाचा शत्रू: सतत हादरे, जास्त उष्णता, सीलची झीज आणि छिन्नीच्या बाजूने आत शिरणारी धूळ. साध्या खोदाईत पाच हजार तास चालणारं तेल सतत ब्रेकर चालवला तर हजार तासांच्या आतच बदलावं लागतं, फिल्टर त्याहून कितीतरी आधी.

टाकी म्हणजे तेलाचा साठा, एवढंच बहुतेकांना वाटतं. पण तेलाला तिथं गार व्हायचं असतं, हवेचे बुडबुडे सोडायचे असतात, गाळ खाली बसू द्यायचा असतो. कारखान्यातल्या प्रेसची टाकी म्हणूनच ऐसपैस असते, पंप मिनिटाला ओढतो त्याच्या अडीच-तीनपट. पोकलेनला ती चैन नाही. वीस टनी मशीनच्या टाकीत सव्वाशे-दीडशे लिटर तेल, आणि दोन पंप मिळून मिनिटाला चारशेच्या आसपास लिटर फिरवणार. पूर्ण जोरात काम चालू असताना तेलाला टाकीत विसेक सेकंदांची उसंत मिळते. आतला आडवा पत्रा परतीचं तेल थेट पंपाच्या तोंडाशी जाऊ देत नाही, परतीचा पाइप पातळीच्या खाली उघडतो म्हणून फेस होत नाही. पण गाळ बसायला वेळच नाही. ते काम फिल्टरवर येऊन पडतं.

पंपाच्या तोंडाशी जाळी असते, तिची भोकं शंभर मायक्रॉनच्या आसपास. तिथं बारीक फिल्टर लावला तर पंपाला तेल ओढणं जड जाऊन तो आतून कुरतडला जाईल. म्हणून बारीक फिल्टर परतीच्या वाटेवर, साधारण दहा मायक्रॉनचा. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा, चाळीसच्या खालचं नुसत्या डोळ्याला दिसत नाही, आणि पंप-व्हॉल्व्हमधल्या फटी बऱ्याचदा दहा मायक्रॉनच्याही आत. ‘तेल स्वच्छ दिसतंय की!’ या वाक्यावर म्हणूनच माझा काडीचा विश्वास नाही.

फिल्टर तुंबला तरी मशीन बंद पडत नाही, हीच खरी गोम. तो फाटू नये म्हणून बायपास दिलेला असतो. तो उघडतो आणि तेल न गाळताच टाकीत उतरतं. बकेट पूर्वीसारखीच उचलते, त्यामुळे इशाऱ्याचा दिवा नसला किंवा वायर तोडून ठेवलेली असली तर कुणाला पत्ता लागत नाही.

आणि पाऊस. पळसदरी भोर घाटाच्या पायथ्याशी. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. सिलिंडरचा दांडा बाहेर आला की टाकीची पातळी उतरते, आत गेला की चढते. तेवढी हवा ब्रीदरमधून आत-बाहेर करते. हा सगळ्यात स्वस्त फिल्टर, आणि बदलायचा राहतो नेमका तोच. पावसाळ्यात उभ्या असलेल्या मशीनचीही टाकी दिवसा तापते, रात्री निवते, दमट हवा ओढते आणि पत्र्याला आतून थेंब धरतात. तेल ताकासारखं पांढुरकं झालं की समजावं, पाणी शिरलं.

नव्या तेलाचंही तेच. पिंप उघड्यावर उभं ठेवलं की झाकणाच्या काठात पाणी साचतं, आणि रात्री पिंप निवलं की बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. आडवं ठेवावं, दोन्ही बुचं आडव्या रेषेत, तेलाच्या पातळीखाली. सीलबंद पिंपातलं तेलसुद्धा पंपाला हवं तेवढं स्वच्छ नसतं, ते फिल्टर लावलेल्या पंपानेच भरावं. बादली आणि फडकं नको. टाकीचं झाकण काढण्यापूर्वी आतला दाब सोडायला विसरू नये.

चांगला फिटर जुना फिल्टर फेकत नाही. कापतो, घड्या उलगडतो, उन्हात धरतो, चुंबक फिरवतो. काळे मऊ तुकडे सीलचे किंवा होजचे. चुंबकाला चिकटणारा चुरा बेअरिंगचा किंवा सिलिंडरचा असू शकतो. पितळी चकाकी दिसली तर बहुधा पंप खाल्ला जातोय; तेव्हा नवा फिल्टर बसवून मशीन साइटवर धाडू नये, आधी पंप उघडावा.